मागच्या दारातलं मांजरदार : कामाच्या नोंदी, मार्च ते ऑगस्ट

१४ मार्च

आज दिवसभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने रेघा मारल्या. मांजरांसाठी मागचं दार किती वेळा उघडलं? सकाळी सहा ते रात्री दहा, २३ वेळा. त्यातल्या ९ वेळा मी मीटिंगमध्ये होते आणि ४ वेळा दार उघडल्यावर मांजर बाहेर न जाता उंबरठ्यावर बसून विचार करत होतं. आई (सासूबाई) म्हणाल्या, "अगं दार उघडंच टाक ना." दार उघडं टाकलं की डास, आणि परवा एक कुत्रं थेट ओट्यापर्यंत आलं होतं. म्हणजे मांजरदार करायचं, दारातच मांजरापुरतं छोटं झडपेचं दार. नेटवर बघितलं तर सगळे व्हिडिओ परदेशातल्या पातळ पांढऱ्या दारांचे, अर्ध्या तासात काम खलास. रत्नागिरीतलं जुनं घर, दोन फळ्यांचं फणसाचं दार, खारी हवा आणि इथला पाऊस ह्यात ते कसं बसतं ते कोणी सांगितलेलं नाही, म्हणून ह्या नोंदी. मला सुतारकामातलं काही येत नाही हे आधीच सांगते. ड्रिल मशीन आहे, ते वापरायला येतं, बस.

मांजरं दोन. ठकू, पावणेतीन किलो, आणि पंत, पाच किलो शंभर ग्रॅम. पंतांचं ऑपरेशन झाल्यापासून ते असे झालेत.

१६ मार्च

मापं. खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यात चौकोनी भोकं पाडून स्वयंपाकघराच्या दारात आडवा लावला आणि पलीकडे सुकटीची वाटी. १४ बाय १४ सेंमीमधून ठकू सहज गेली, पंतांनी डोकं घातलं, मिशा टेकल्या तसे मागे. १६ ला खांदे घासून गेले. १८ ला काही विचारच केला नाही. पंतांचे खांदे १३.५ सेंमी रुंद भरले, म्हणजे खांद्याच्या मापात दोनेक सेंमी मिळवले की पुरतात, पण मांजराला आवडायला अजून लागतात.

दुसरं माप पोटाचं. भोकाची खालची कड मांजराच्या पोटाच्या उंचीला आली की ते उडी न मारता पाय उचलून पलीकडे जातं. ठकूचं पोट जमिनीपासून ११ सेंमी, पंतांचं १३, म्हणून १२ ठरवलं. हे माप मी घराच्या आतून घेतलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यावरून रडगाणं आहे.

२२ मार्च

पहिला प्रयत्न, खिडकी. दाराला हात लावायचा नाही असं आईंनी सांगितलं होतं. दार त्यांच्या सासऱ्यांनी करून घेतलेलं, लाकूड घरच्याच फणसाचं. ठीक आहे, म्हटलं ओट्यावरची स्लायडिंग खिडकी घेऊ. बाहेरच्या गजांमधून मांजर आरामात येतं, आतल्या काचेऐवजी अॅक्रिलिकची शीट लावायची आणि तिला भोक. नंबरप्लेटा करणाऱ्याकडून ३ मिमी शीट कापून आणली, ४८० रुपये. भोक त्यानेच पाडून दिलं. त्यावर तात्पुरता जाड प्लास्टिकचा पडदा चिकटवला. दीड तासात सगळं झालं आणि मी खूश.

ठकू दहा मिनिटांत शिकली. बाहेर गेली, परसात माती उकरली, आणि परत येताना खिडकीतून सरळ गॅसच्या शेगडीशेजारी उतरली. चार पावलं ओट्यावर, एक पाऊल परातीतल्या मळलेल्या कणकेत. आईंनी काही म्हटलं नाही. कणीक उचलली, बाहेर गाईला घालून आल्या आणि माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी जुनी काच परत बसवली. ४८० रुपये आणि एक शनिवार गेला. ओट्यावरच्या खिडकीत मांजरदार करू नका, एवढा साधा विचार आधी सुचायला हवा होता.

५ एप्रिल

मधल्या दिवसांत काही झालं नाही, ऑफिसचं काम होतं. फ्लॅप ऑनलाइन मागवला, २,८९० रुपये, आज आला. प्लास्टिकची चौकट, मधे पारदर्शक झडप, चार खटक्यांचं लॉक: दोन्हीकडून चालू, फक्त आत, फक्त बाहेर, पूर्ण बंद. शिवाय चुंबकाची किल्ली, म्हणजे मांजराच्या पट्ट्यात छोटा चुंबक असेल तरच बाहेरून झडप उघडते. हे ज्या मांजराकडे चुंबक नाही त्याच्यासाठी. आमच्या आळीत असा एक बोका आहे, काळतोंड्या, ज्याच्यासाठी हे अगदी मोजून बनवलंय असं वाटलं. आतलं भोक १५.५ बाय १६, बाहेरची चौकट २३ बाय २४.

दाराचा प्रश्न मात्र तिथेच. सुतारकाकांना नुसतं बघायला बोलावलं. त्यांनी दार बघितलं, खालचा दिला (म्हणजे चौकटीतली फळी) बोटांनी वाजवला आणि म्हणाले, "वहिनी, हा जुना नाय. ह्यो मागाहून घातलेला, वाळवी लागली असणार तेव्हा." आतल्या बाजूला खिळ्यांनी ठोकलेली बीडिंगपट्टी दाखवली. जुन्या बाकीच्या दिल्यांना पट्टी नाही, ते खाचेत बसवलेत. म्हणजे पट्टी उचकटली की हा एकच दिला अख्खा बाहेर येतो, त्याजागी प्लायचा तुकडा घालायचा आणि भोक प्लायला पाडायचं. दाराला करवत लागतच नाही, आणि उद्या नको झालं तर जुना दिला परत जागेवर.

आईंना समोर बसवून हे काकांनीच सांगितलं. मी सांगितलं असतं तर झालं नसतं. "दिला माळ्यावर नीट ठेवायचा, सरपणात घालायचा नाही," ह्या अटीवर परवानगी मिळाली.

जुन्या पॅनलच्या दारात करणार असाल तर आधी बीडिंग आहे का ते आतून बघाच. नव्या फ्लॅटमधली फ्लश डोअर असतील तर आत पोकळ असू शकतात, अशा दाराला भोक पाडलं की कडेला स्क्रू धरायला लाकूडच नसतं, आतून पट्ट्या घालून चौकट करावी लागते. हे काकांनी सांगितलेलं, मी केलेलं नाही.

१३ एप्रिल

मुख्य काम. काका सकाळी नऊला आले. बीडिंग उचकटायला वीस मिनिटं, एक पट्टी मोडली. दिला काढल्यावर खाचेत वाळवीचं जुनं वारूळ, हाताने भुगा झाला. केरोसीनचं फडकं फिरवलं.

प्लाय म्हणून घरात कपाटाच्या कामातला उरलेला १२ मिमी तुकडा होता तो वापरला. काका म्हणाले, "पावसात टिकेल काय?" मी म्हटलं रंग मारू ना. ही ह्या कामातली सगळ्यात महाग बचत.

फ्लॅपबरोबर आलेला कागदी साचा चिकटवला, चार कोपऱ्यांत १० मिमीचं भोक, मग जिगसॉने चारी बाजू. काप सरळ यायला वेळ लागला नाही, अख्खं भोक पाडायला पाऊण तासही नाही. गुण्या (काटकोन तपासायचं सुताराचं साधन) लावून बघितला तर एका कोपऱ्यात ३ मिमी वाकडं, ते चौकटीखाली झाकलं गेलं. फ्लॅपबरोबरचे स्क्रू जाड दारासाठीचे, ते पलीकडे बोटभर बाहेर आले, हॅकसॉने कापले. काकांची अर्ध्या दिवसाची मजुरी ७००.

चहा पिताना मी त्यांना सांगितलं की इंग्लंडात एक्सेटर नावाच्या गावी मोठं चर्च आहे, तिथल्या एका दारात मांजरासाठी पाडलेलं गोल भोक अजून आहे आणि १५९८ साली बिशपने सुताराला त्याचे आठ पेन्स दिल्याची नोंद सापडते. काकांनी विचारलं, "पेन्स म्हणजे आता किती?" मला सांगता आलं नाही. "पण नोंद ठेवली हां त्याने," म्हणाले.

त्याच दिवशी संध्याकाळी

दोन चुका, दोन्ही माझ्या.

एक. दाराच्या आत फरशी, बाहेर पडवी, आणि पडवी आतल्या फरशीपेक्षा २० सेंमी खाली. मी सगळी मापं आतून घेतली. दाराची खालची आडवी पट्टी जाड असल्यामुळे भोकाची कड तशीही १२ ऐवजी १७ वर आली होती, ते चाललं असतं, पण बाहेरून तीच कड ३७ सेंमीवर. पंत बाहेरून आले, वर बघितलं आणि पुढच्या दाराकडे चालू लागले. उपाय सोपा निघाला, कंपाउंडच्या कामातला उरलेला एक चिरा (जांभ्याचा) बाहेर पायरीसारखा आडवा ठेवला. आता बाहेरून १९ सेंमी. चिरा हलू नये म्हणून खाली थोडं सिमेंट.

दोन. रात्री दार लावताना सहज वाटलं म्हणून बाहेर गेले, भोकातून खांद्यापर्यंत हात आत घातला, वर वळवला, आणि खालचा टॉवर बोल्ट सरकवून उघडला. सात-आठ सेकंद. मधली कडी उंच आहे, तिथे हात पोचत नाही, पण हे दुसरं फळकं नुसत्या खालच्या बोल्टवर उभं असतं. नवरा बॅटरी घेऊन रात्री साडेदहाला बोल्ट काढून वरच्या बाजूला लावत बसला. तुमच्याकडे कोणी हे काम केलं तर त्याच रात्री बाहेरून हात घालून बघा, प्लीज.

१४ ते २५ एप्रिल

शिकवणी. पहिल्या दिवशी झडप दोऱ्याने पूर्ण वर बांधली. दोघं गेले-आले, काही प्रश्न नाही. तिसऱ्या दिवशी अर्धी खाली. ठकू पंजाने ढकलते, पंत कपाळाने. सहाव्या दिवशी मला घाई झाली, दोरा काढूनच टाकला. ठकू गेली. पंत अर्धे बाहेर गेले आणि थांबले, आणि आत राहिलेल्या शेपटीवर झडप बसली. फार लागलं नसणार, पण जो आवाज काढला तो शेजारच्या वहिनींना ऐकू गेला. त्यानंतर पंत झडपेकडे बघायलाही तयार नाहीत.

परत पहिल्यापासून. पूर्ण वर, तीन दिवस. मऊ फडकं पंतांच्या गालांवर घासून तेच चौकटीच्या कडांवर घासलं, म्हणजे दाराला त्यांचाच वास. रोजचं संध्याकाळचं जेवण दाराच्या पलीकडे. मग दोन-दोन बोटं खाली. शेवटच्या बोटभर उरलेल्या फटीवरच दोन दिवस थांबलो. २५ ला पंत स्वतःहून गेले, कोणी बघत नसताना. मला झडपेचा टक आवाज आला म्हणून कळलं.

एकूण १२ दिवस. घाई केली नसती तर आठ.

२ मे

काळतोंड्या आत आला. दुपारी, सगळे झोपलेले. तळायला मीठ-मसाला लावून ठेवलेली मांदेली गेली. तेव्हा चुंबकाचे पट्टे काढले, ते मी इतके दिवस घातलेच नव्हते. ओढ बसली की सुटणारे पट्टे आहेत, तसेच घ्या, नाहीतर कुंपणाच्या तारेत अडकून फास बसतो.

१४ मे

पट्टे बंद. कारण सांगते.

आमचं घर मांडवीच्या किनाऱ्यापासून जवळ. मांडवीच्या बाजूला काळा समुद्र म्हणतात ते वाळूच्या रंगामुळे, ह्या वाळूत इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशी लोखंडाची खनिजं आहेत, आणि लहानपणी शाळेत चुंबक फिरवून ती गोळा केलेली आठवत असेल कोणाला. आमच्या परसातल्या मातीतही ती वाळू आहे. ठकू लोळून आली की गळ्याखालच्या चुंबकाला काळी दाढी. मिशीसारखे ताठ उभे केस, बोटाने पुसायला गेलं की पुन्हा तिथेच चिकटतात, सेलोटेपने ओढून काढावे लागतात. ते ठीक, पण तीच वाळू झडपेवरच्या खटक्याच्या खाचेत जायला लागली आणि खटका अडकायला लागला. रोज जुन्या टूथब्रशने साफ करतेय. ह्याशिवाय ठकूने बारा दिवसांत दोन खिळे, एक केसांची पिन आणि कुठल्यातरी खेळण्याचा स्क्रू घरी आणला. एकदा फ्रिजच्या खालच्या कडेला चिकटून बसली आणि घाबरून पट्टा सोडवून पळाली.

पंतांनी एक चुंबक हरवला. नवीन ३५०, मागवला. दोन दिवसांत तोही हरवला. बस झालं. किल्लीचं लॉक ऑफ केलं, आता झडप कोणालाही उघडते.

मायक्रोचिपवाले फ्लॅप असतात, मांजराच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप, तिचा पंधरा आकडी नंबर दार वाचतं आणि ओळखलं तरच उघडतं. तेच खरं उत्तर आहे. पण आमच्या मांजरांना चिप नाही, आणि दार आपल्याकडे येईपर्यंत मी आत्तापर्यंत घातलेल्या पैशाच्या कितीतरी पट लागणार होते. शिवाय बॅटरीवरचं इलेक्ट्रॉनिक्स, आमच्या खाऱ्या हवेत. टीव्हीचा रिमोट इथे दोन वर्षांत हिरवा होतो.

१९ मे

बिनचुंबकाचा प्लॅन असा होता: संध्याकाळी साडेसहाला खटका 'फक्त आत' वर. मांजरं फिरून आपापली आत येतील, बाहेर जाऊ शकणार नाहीत, आठ वाजता डोकी मोजायची आणि पूर्ण बंद. ज्यांच्याकडे बिबट्या फिरतो त्यांनी तर हे करायलाच हवं, आमच्याकडे रात्री कुत्री असतात.

काल आठ वाजता डोकी मोजली. ठकू सोफ्याखाली, पंत पलंगावर. दोन. बंद केलं.

पहाटे साडेपाचला आई चहा ठेवायला गेल्या आणि तिथूनच त्यांनी मला पूर्ण नावाने हाक मारली. फडताळाच्या वर, पिठाच्या डब्यांच्या मागे, काळतोंड्या. संध्याकाळी 'फक्त आत' मधून आलेला, रात्रभर कोंडलेला. दिवा लावल्यावर त्याने सरळ झडपेवर उडी मारली, बंद. मागे आला, परत धडक, परत बंद. तिसऱ्यांदा इतक्या जोरात की प्लाय थरथरला. येताजाता रव्याचा डबा खाली, आणि त्याच्या अंगाचा तो बोक्याचा वास, ज्यांना माहितेय त्यांना माहितेय. मी एका हातात केरसुणी घेऊन दुसऱ्या हाताने कडी काढली आणि बाजूला झाले. दार चार बोटं उघडलं असेल तेवढ्यातून तो गेला.

फडताळाच्या मागे त्याने काय करून ठेवलं होतं ते लिहीत नाही. व्हिनेगर, मग साबण, मग परत व्हिनेगर.

आपली मांजरं मोजली, घरातली मांजरं मोजली नाहीत, ही चूक. झडपेचा खटका तेव्हाच चिरला होता, केसासारखी रेघ. मी बघितली आणि सोडून दिली.

आता काय करतो: काळतोंड्याला संध्याकाळी सहाला पडवीत वेगळं खायला देतो, भाताबरोबर माशाची डोकी. पोट भरलं की तो आत येत नाही. आईंची आयडिया. "त्याला पण सांगून ठेवलेलं बरं," असं म्हणाल्या.

९ जून

पाऊस सुरू. मागचं दार पश्चिमेला, वारा सरळ अंगावर. रात्रभर टक. टक. टक-टक. झडप वाऱ्याने हलते आणि चौकटीवर आपटते. तीन रात्री कोणी झोपलं नाही. झडपेच्या खालच्या कडेला जो धरून ठेवणारा चुंबक असतो तो अगदीच कमजोर निघाला, म्हणून जुन्या हार्डडिस्कमधून काढलेला जोरदार चुंबक त्याच्यामागे चिकटवला. टकटक बंद, आणि ठकूही बंद. तिच्या पावणेतीन किलोला ती झडप ढकलेचना. दोन पंजे लावून उभी राहिली, मग माझ्याकडे बघून ओरडली. चुंबक काढून त्याच्या आणि झडपेच्या मधे पुठ्ठ्याचे तुकडे घालत गेले. एक तुकडा, दोन, तीन. तीनवर ठकूला जमलं आणि वाराही थांबला. म्हणजे चुंबक बदलायचा नाही, त्याचं अंतर बदलायचं.

बाहेरून झडपेवर पत्र्याची छोटी पडवी केली, डब्याचं झाकण वाकवून. पावसाचे थेंब थेट आत येत होते ते थांबले. पत्र्याची कड कानशीने घासून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली, नाहीतर पाठ कापली जाईल. आत काथ्याचं पायपुसणं, दोन. एक वाळत असतं.

स्क्रू गंजले. आठेक आठवड्यांत. सगळे काढून स्टेनलेसचे लावले, १२० रुपये. किनाऱ्याजवळ राहत असाल तर पहिल्या दिवशीच बदला.

१८ जून

आईंची मूळ भीती ही की ह्यातून फुरसं (विषारी साप) येईल. रत्नागिरीत ही भीती कोणी हसण्यावारी नेत नाही. झडपेखाली ४ मिमी फट होती तिथे दाराखाली लावतात तसली ब्रशची पट्टी लावली. फुरसं आलं नाही. काल ठकूने तोंडातून जिवंत नानेटी (साप) आणून स्वयंपाकघरात सोडली. बिनविषारी, वीतभर, बादली पालथी घालून बाहेर नेली. आई दिवसभर खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या. मांजरदार केलं की मांजर काय काय घरी आणेल ह्यावर दाराचा काही कंट्रोल नसतो, हे मी नोंदीत टाकते, बाकी उपाय नाही.

२६ जून

उरलेला प्लाय. पापुद्रे सुटले. रंग वरून ठीक, पण जिगसॉने कापलेल्या आतल्या कडा मी उघड्याच ठेवल्या होत्या, चौकटीखाली झाकल्या जातील म्हणून. पाणी तिथूनच शिरलं. खालची कड १२ मिमीची १६ झाली, त्यामुळे फ्लॅपची प्लास्टिकची चौकट पिळली गेली आणि झडप एका बाजूला घासते. पंतांना कपाळाने दोनदा ढकलावं लागतं. ह्या पावसात बदलता येणार नाही, दिला काढला तर दाराला उघडं भोक. घासणारी कड तात्पुरती पॉलिशपेपरने उतरवली.

५ जुलै

झडप तुटली. चिरलेला खटका आधी गेला, मग पिळलेल्या चौकटीमुळे बिजागरीची प्लास्टिकची खुंटी. सुटी झडप मिळते का विचारलं, विकणाऱ्याने अख्खा नवीन घ्या म्हणून सांगितलं. नाही घेत. भोकावर पाट आडवा लावला, आणि मी पुन्हा दार उघडतेय. आज १७ वेळा.

१२ जुलै

घरी केलेली झडप. पहिली, खिडकीतून उरलेल्या अॅक्रिलिकची. तिसरं भोक पाडताना तडकली, उभी, कडेपर्यंत. दुसरीला मास्किंग टेप लावून, खाली लाकूड धरून, हळू स्पीडवर, आधी २ मिमी बिट मग ४. भोकं नीट पडली, पण बसवताना हातातून फरशीवर पडली आणि कोपरा गेला. मग नंबरप्लेटवाल्याकडून ३ मिमी पॉलीकार्बोनेटचा तुकडा आणला, १५० रुपये, तो वाकतो पण तडकत नाही. अॅक्रिलिकच्या नादी लागू नका.

बिजागरी: लोखंडी पियानो बिजागरी गंजणार, म्हणून नवऱ्याने सायकलचा स्टेनलेस स्पोक आणला, २० रुपये. झडपेच्या वरच्या दोन कोपऱ्यांना अॅल्युमिनियमचे छोटे एल तुकडे, त्यांना भोक, भोकातून स्पोक, स्पोकची टोकं चौकटीतल्या खाचांत. कोरड्या बॉलपेनच्या रिफिलचे दोन तुकडे बुशसारखे घातले, त्यामुळे अजिबात आवाज नाही. कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी. मूळ झडपेपेक्षा ही बरी हलते, हे मी अभिमानाने लिहितेय. लॉकसाठी मात्र आता आतून साधा लाकडी तुकडा, खिळ्यावर फिरणारा, आडवा केला की बंद. 'फक्त आत' वगैरे संपलं.

पंतांनी नवीन झडप हुंगली, दोन तास समोर बसले आणि गेले. ठकूने हुंगलीही नाही.

२ ऑगस्ट

दोन दिवस उघाड होती. काकांना बोलावलं, मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा), ज्याच्यावर आयएस ७१० छापलेलं असतं तो, दोन फूट बाय दोन फूट तुकडा ६४० रुपये. ह्यावेळी भोकाच्या चारी कडांना आधी पातळ केलेला ऑइलपेंट पाजला, वाळल्यावर परत, मग तिसऱ्यांदा, आणि वरून सिलिकॉन (२६०). रंग ३१०. जुना प्लाय बाहेर काढला तेव्हा पुठ्ठ्यासारखा हातात सोलला गेला. काका बघत होते, काही बोलले नाहीत. मजुरी ४००.

खर्च सगळा मिळून: अॅक्रिलिक ४८०, फ्लॅप २,८९०, मजुरी दोनदा मिळून १,१००, स्क्रू १२०, हरवलेला चुंबक ३५०, पॉलीकार्बोनेट १५०, स्पोक २०, मरीन प्लाय ६४०, सिलिकॉन २६०, रंग ३१०. ६,३२० रुपये. मांदेली आणि रवा धरलेला नाही. आज मला पुन्हा करायला सांगितलं तर फ्लॅप विकत घेणारच नाही, घरचीच झडप आणि मरीन प्लाय, दोन हजारांत होईल.

१७ ऑगस्ट

दोन आठवडे पाऊस झाला, प्लायच्या कडा रोज बोटाने चाचपते, फुगल्या नाहीत. काल दार सबंध दिवसात मांजरांसाठी दोनदा उघडलं, दोन्ही वेळा पंतांसाठी, कारण ते ओले होते आणि त्यांना टॉवेल हवा होता.

ज्यांना घरची झडप करायचीय त्यांच्यासाठी मापं: भोक १५.५ बाय १६, झडप १५.१ बाय १५.७, म्हणजे दोन्ही बाजूंना २ मिमी आणि खाली ३ मिमी फट, ती ट्यूबच्या पट्टीने आणि ब्रशने भरायची. खालच्या कडेला मधोमध चुंबक धरेल अशा स्टीलच्या पट्टीचा ३ सेंमी तुकडा, समोर चौकटीत चुंबक, मधे पुठ्ठे घालून जोर ठरवायचा, मग पुठ्ठ्याच्या जागी तेवढ्याच जाडीचं प्लास्टिक, पुठ्ठा पावसात विरघळतो. स्पोक कापताना दोन्ही टोकांना पाच-पाच मिमी जास्त ठेवा. मी बरोबर मापात कापला होता, तो खाचेतून निसटून एकदा चिऱ्यावर पडला आणि अंधारात सापडेना, शेवटी मांजराचा चुंबकाचा पट्टा दोऱ्याला बांधून फिरवला. स्पोक काही सापडला नाही, असल्या स्टेनलेसला सहसा चुंबक धरत नाही हे काकांनी सकाळी सांगितलं.